स्वस्त ग्रंथ आणि वाचकाचा हक्क

१९७१ सालच्या जुलै महिन्यात, अवघ्या वीस दिवसांच्या अंतराने, दोन घटना घडल्या. ४ जुलै रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट नावाचा एक तरुण विद्यार्थी संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रापुढे बसला. आपल्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याने अक्षर अक्षर टंकित केला आणि ज्याला हवा असेल त्याने तो विनामूल्य घ्यावा, म्हणून त्या यंत्राच्या स्मृतीत ठेवून दिला. २४ जुलै रोजी पॅरिस येथे अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी, ज्याला आपण कॉपीराइट म्हणतो त्या ग्रंथस्वामित्वाविषयीच्या बर्न कराराची नवी संहिता मंजूर केली आणि दरिद्री राष्ट्रांसाठी तीत एक परिशिष्ट जोडले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. तथापि ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याच्या हाती पुस्तक कसे पडावे, या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरे होती. एकाने यंत्राचा आश्रय केला होता, दुसऱ्याने कायद्याचा. त्यांपैकी कोणते उत्तर किती खरे ठरले, हे पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

ग्रंथ महाग असणे ही काही निसर्गाची योजना नव्हे. अठराव्या शतकात लंडनचे पुस्तकविक्रेते असे मानीत की, एकदा विकत घेतलेला ग्रंथस्वामित्वाचा हक्क यावच्चंद्रदिवाकरौ आपलाच आहे. १७१० च्या कायद्याने या हक्काला मुदत घालून दिली होती. परंतु ती मुदत संपल्यावरही आपला जुना हक्क उरतोच, असा त्यांचा दावा असे. एडिंबरोचा अलेक्झांडर डोनल्डसन हा विक्रेता मात्र मुदत संपलेली पुस्तके खुशाल छापी आणि स्वस्त विकी. एवढेच नव्हे, तर त्याने खुद्द लंडनमध्ये दुकान मांडले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १७७४ साली ब्रिटिश उमराव सभेने निर्णय दिला की, ग्रंथस्वामित्व हे मुदतीचे असते, कायमचे नसते. मुदत सरली की ग्रंथ सर्वांचा होतो, हे तत्त्व त्या दिवशी पक्के झाले. आज आपण ज्याला सार्वजनिक ग्रंथधन म्हणू, त्याचा पाया या निकालात आहे.

ज्या राष्ट्रांनी पुढे इतरांना ग्रंथस्वामित्वाचे धडे दिले, त्यांचे पूर्वचरित्रही पाहण्यासारखे आहे. १८०१ पर्यंत ब्रिटनचा तो कायदा आयर्लंडला लागू नव्हता, म्हणून डब्लिनचे मुद्रक लंडनची पुस्तके मोकळेपणाने पुन्हा छापीत. अमेरिकेने तर १८९१ पर्यंत परदेशी लेखकांचा हक्क मानलाच नाही. १८४२ साली चार्ल्स डिकन्स त्या देशात गेला, तेव्हा त्याच्या कादंबऱ्या तेथे घरोघर वाचल्या जात होत्या. आपल्यालाही त्यांचा काही मोबदला मिळावा, असे त्याने जाहीर सभांतून सुचवताच तेथील वृत्तपत्रे त्याच्यावर तुटून पडली. बर्न करार १८८६ साली झाला. अमेरिका त्यात सामील झाली ती १९८९ मध्ये, म्हणजे एकशेतीन वर्षांनी. यात दोष देण्याचा हेतू नाही. डिकन्सची तक्रार न्याय्यच होती. परंतु वाचणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत आहे आणि ग्रंथनिर्मिती मात्र अद्याप दुसरीकडे होत आहे, अशा अवस्थेत प्रत्येक समाज स्वस्त पुस्तकाची वाट शोधतो, एवढा बोध या इतिहासातून घेण्यास हरकत नाही.

आपल्याकडे ही वाट दुहेरी होती. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. देशी भाषांतील व संस्कृतातील ग्रंथ देशी मुद्रकांच्या हातांनी लोकांपर्यंत जाऊ लागले. इंग्रजी ग्रंथांची गोष्ट निराळी होती. १८८६ साली मॅकमिलन कंपनीने आपली वसाहतींसाठीची ग्रंथमाला सुरू केली. हिंदुस्थानसारख्या देशांत विकण्यासाठी स्वस्त आवृत्ती काढायची आणि ती परत ब्रिटनमध्ये विकू द्यायची नाही, अशी ही व्यवस्था होती. वाचकाला पुस्तक स्वस्त मिळे, हे खरे. परंतु कोणते पुस्तक स्वस्त व्हावे आणि किती, हे तिकडे ठरत असे.

स्वातंत्र्यानंतर या व्यवस्थेचे रूप पालटले, पण निर्णय करणारा हात दूरचाच राहिला. शीतयुद्धाच्या काळात भारतीय विद्यार्थ्याच्या टेबलावर तीन सरकारांची पुस्तके शेजारी शेजारी दिसू लागली. ब्रिटिश सरकारच्या साह्याने निघणाऱ्या इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटीच्या आवृत्त्या होत्या. भारत-अमेरिका सहकार्याने निघालेली पाठ्यपुस्तके होती. आणि मॉस्कोहून येणारी मीर व प्रगती प्रकाशनांची पुस्तके होती. भौतिकी आणि गणित यांवरील जाडजूड बांधणीचे सोविएत ग्रंथ ज्यांनी अल्प किमतीत घेतले, किंवा मॉस्कोत छापलेली रंगीत चित्रांची मराठी बालपुस्तके ज्यांच्या घरी होती, असे वाचक आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. या ग्रंथांनी अभियंत्यांच्या आणि डॉक्टरांच्या पिढ्या घडवल्या, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण १९९१ साली सोविएत संघ विसर्जित झाला आणि तो ओघ आटला. १९९७ साली ब्रिटिश योजनाही बंद झाली. दात्याचे कारण संपले की दान संपते. घेणाऱ्याची गरज संपली आहे की नाही, हे तेव्हा कोणी विचारीत नाही.

हे ओळखूनच नवस्वतंत्र राष्ट्रांनी दानाऐवजी कायद्याचा आग्रह धरला होता. १९६७ साली स्टॉकहोम येथे बर्न कराराची पुनर्रचना करण्यासाठी परिषद भरली. विकसनशील देशांना शिक्षणासाठी ग्रंथांचे भाषांतर व पुनर्मुद्रण करण्याची मोकळीक असावी, असा एक स्वतंत्र मसुदा तेथे संमत झाला. त्या आग्रहात भारताचा वाटा मोठा होता. परंतु ग्रंथांची निर्यात करणाऱ्या देशांतील, विशेषतः ब्रिटनमधील, प्रकाशकांनी त्याला कडाडून विरोध केला. श्रीमंत राष्ट्रांनी त्या मसुद्याला मान्यताच दिली नाही आणि तो कागदावर राहिला. मग तडजोडीची बोलणी झाली आणि तिचे फळ म्हणजेच १९७१ चे पॅरिस येथील परिशिष्ट.

हे परिशिष्ट जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यानुसार विकसनशील देशाला, मूळ हक्कधारकाने नकार दिला तरी, योग्य मोबदला देऊन परवाना मिळवता येतो. पुनर्मुद्रणासाठी सर्वसाधारण ग्रंथाच्या प्रकाशनानंतर ५ वर्षे थांबावे लागते. विज्ञान व तंत्रविद्येच्या ग्रंथांसाठी ३ वर्षे. कथा, काव्य, नाटक यांसाठी ७ वर्षे. भाषांतरासाठी मुदत ३ वर्षांची आहे. परंतु ती भाषा कोणत्याही विकसित देशात सर्वसामान्य प्रचारात नसेल, तर एकच वर्ष. मराठी अशा भाषांत मोडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलमाचे आपल्या दृष्टीने काय मोल होते ते कळेल. भारताने १९८३ मध्ये आपल्या १९५७ च्या कायद्यात तशी दुरुस्तीही केली.

आणि तरीही, अर्धशतक लोटल्यावर, या परिशिष्टाचा उपयोग जगात अगदी क्वचित झाला आहे. याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. अर्जदाराने हक्कधारकाचा शोध घ्यावा, त्याची परवानगी मागावी, नकार आल्यावर अर्ज करावा आणि मग ठरलेल्या मुदतीखेरीज आणखी काही महिने वाट पाहावी. दरम्यान हक्कधारकाने स्वतः माफक किमतीची आवृत्ती आणली, तर परवान्याची वाटच बंद. छापलेल्या प्रती त्याच देशात विकाव्यात, बाहेर पाठवू नयेत, ही अट तर सर्वांत जाचक. ज्या देशात एखाद्या वैद्यकग्रंथाचे वाचक जेमतेम काही शेकडा आहेत, त्याने तेवढ्याच प्रती छापल्या तर त्या स्वस्त पडणार कशा? शेजारच्या चार देशांनी मिळून छापाव्यात, तर त्याला अनुज्ञा नाही. शिवाय वैद्यक किंवा अभियांत्रिकीचा ग्रंथ वर्षे मोजत बसेपर्यंत शिळा होतो. दार उघडले खरे, पण उंबरठा इतका उंच ठेवला की तो ओलांडण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही.

आता हार्टच्या उत्तराकडे वळू. छापील पुस्तकाची एक प्रत अधिक काढायची तर कागद, शाई, बांधणी आणि वाहतूक यांचा खर्च येतोच. यंत्रस्मृतीत ठेवलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत, किंवा लाखावी प्रत, जवळजवळ फुकट निघते. हार्टने हे फार लवकर ओळखले आणि आपल्या उपक्रमाला आद्य मुद्रक गुटेनबर्गचे नाव दिले. कित्येक वर्षे तो एकेक पुस्तक हाताने टंकित करीत होता. पुढे जगभरचे स्वयंसेवक येऊन मिळाले. २०११ साली हार्ट निवर्तला. आज त्या संग्रहात सत्तर हजारांहून अधिक ग्रंथ आहेत आणि ते सर्व विनामूल्य आहेत. डोनल्डसनने १७७४ साली जिंकलेला न्याय येथे खऱ्या अर्थाने फळाला आला. कारण या ग्रंथांपैकी बहुतेक सर्व मुदत संपल्यामुळे सर्वांचे झालेले आहेत.

परंतु या उत्तरातही एक उणीव होती, आणि ती आपल्यासारख्यांना चटकन दिसावी अशी आहे. हार्टने ज्या अक्षरसंकेतावर भर दिला, त्या अॅस्की नामक संकेतात अवघ्या १२८ चिन्हांना जागा होती. रोमन लिपी, अंक आणि विरामचिन्हे एवढ्यातच ती संपे. देवनागरी तीत मावणे शक्यच नव्हते. म्हणजे जगातील सर्वांत स्वस्त पुस्तक मराठी वाचकाला मराठीत मिळण्याची सोयच नव्हती. १९९१ साली भारतीय लिपींसाठी इस्की हे राष्ट्रीय प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोड या सार्वत्रिक संकेताची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील भेद दाखवणारा आपला अर्धा ऱ नीट उमटावा, यासाठीसुद्धा स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. तरीही पुढे अनेक वर्षे मराठी ग्रंथ निरनिराळ्या खासगी टंकांत जुळवले जात राहिले. एका यंत्रावर जुळवलेला मजकूर दुसऱ्यावर उघडावा, तर अक्षरांऐवजी अगम्य चिन्हांची रांग दिसे. अॅमेझॉन कंपनीचे किंडल हे वाचनयंत्र २००७ साली अमेरिकेत विक्रीस आले. त्या दुकानात मराठी पुस्तके रीतसर दाखल झाली ती २०१६ च्या डिसेंबरात. इंदूर, बडोदे किंवा तंजावर येथील ज्या मराठी कुटुंबाच्या गावात मराठी पुस्तकांचे दुकान शोधूनही सापडत नाही, त्याला ई-पुस्तकाचा उपयोग सर्वांत अधिक. आणि नेमक्या त्यालाच ही नऊ वर्षे थांबावे लागले. लिपीची सोय हीदेखील किमतीइतकीच मोठी बाब आहे, हे यावरून दिसून येईल.

याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. छापील पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. ते मित्राला वाचायला देता येते, रद्दीच्या दुकानातून अर्ध्या किमतीत दुसऱ्याकडे जाते, आजोबांच्या कपाटातून नातवाच्या हाती येते. गरीब वाचकाचे अर्धे वाचन या हस्तांतरावरच चालत आले आहे. ई-पुस्तकाच्या बाबतीत आपण बहुधा पुस्तक विकत घेत नाही. ते वाचण्याची परवानगी तेवढी घेतो. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील काही वाचकांना याचा चमत्कारिक अनुभव आला. जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या त्यांनी पैसे देऊन आपल्या किंडलवर घेतल्या होत्या. त्या ज्याने विक्रीस ठेवल्या त्याला हक्क नव्हता असे आढळताच, कंपनीने वाचकांच्या यंत्रांतून त्या परस्पर नाहीशा केल्या. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीने क्षमाही मागितली. त्या दोहोंपैकी एक कादंबरी ‘नाइन्टीन एटी-फोर’ होती, हा योगायोग कोणाच्याही ध्यानातून सुटला नाही. कोणताही पुस्तकविक्रेता रात्री आपल्या घरात शिरून कपाटातले पुस्तक घेऊन जाऊ शकत नव्हता; ते सामर्थ्य या नव्या व्यवस्थेत प्रथमच आले.

श्रीमंत देशातील वाचकाची ही कथा, तर गरीब देशाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशकांच्या सहकार्याने २००२ साली हिनारी नावाची योजना सुरू केली. अत्यल्प उत्पन्नाच्या देशांतील संस्थांना वैद्यकीय नियतकालिके संगणकावर विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात वाचायला मिळावीत, हा तिचा उद्देश. योजना निःसंशय उपकारक होती. परंतु २०११ च्या जानेवारीत काही मोठ्या प्रकाशकांनी बांगलादेशातील संस्थांसाठी ही सवलत एकाएकी मागे घेतली. आता तेथे विक्री होऊ लागली आहे, असे कारण सांगण्यात आले. वैद्यकीय जगतात निषेध उमटल्यावर ती पुन्हा चालू झाली. पण कालपर्यंत जे नियतकालिक वाचून रुग्णाचा उपचार ठरवला, ते आज सकाळी उघडत नाही, या अवस्थेतील डॉक्टराचा विचार करून पाहावा. मॉस्कोची पुस्तके येणे बंद झाले, तरी आलेली पुस्तके कपाटात राहिली होती. येथे मात्र दान थांबले की पूर्वी मिळालेलेही नाहीसे होते.

वाचनयंत्रे वाटण्याचाही प्रयोग झाला. २०१० पासून वर्ल्डरीडर या संस्थेने घाना देशातील शाळांत ई-पुस्तकांनी भरलेली यंत्रे दिली. मुले आनंदाने वाचू लागली. यंत्रे मात्र नाजूक असल्याने मोडू लागली. मग लोकांच्या खिशात आधीच असलेल्या साध्या मोबाइलवर पुस्तके देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. युनेस्कोने २०१४ साली भारतासह सात देशांतील अशा वाचकांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत आढळले की, मोबाइलवर वाचणाऱ्यांत पुरुषांची संख्या अधिक असली तरी स्त्रिया वाचनात पुरुषांच्या सहापट वेळ घालवीत होत्या. ज्यांना वाचनालयापर्यंत जाण्याची मोकळीक नव्हती, त्यांच्या हाती वाचनालय आले होते. त्याच वाचकांची एक तक्रारही होती: आपल्याला हवी ती आणि आपल्या भाषेतली पुस्तके पुरेशी नाहीत.

दानाऐवजी हक्क मिळाला म्हणजे काय घडते, याचे उत्तम उदाहरण अंध वाचकांचे आहे. ब्रेलमधील ग्रंथ अवजड आणि खर्चिक. यंत्रातील मजकूर मात्र वाणीत बदलता येतो, ब्रेलमध्ये उतरवता येतो, अक्षरे मोठी करून वाचता येतो. अडचण तंत्राची नव्हतीच. ती कायद्याची होती. असे रूपांतर करण्यास हक्कधारकाची परवानगी लागे, आणि एका देशाने केलेले रूपांतर दुसऱ्याला पाठवता येत नसे. त्यामुळे तेच पुस्तक प्रत्येक देशाने नव्याने तयार करावे, असा अपव्यय चाले. भारताने २०१२ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून दिव्यांगांसाठीच्या रूपांतराला मोकळीक दिली. २०१३ च्या जूनमध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे याविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला अधिकृत अनुमोदन देणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली. वीस देशांचे अनुमोदन मिळून ३० सप्टेंबर २०१६ रोजी करार अमलात आला, आणि त्याच वर्षी आपल्याकडे सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. पॅरिसच्या परिशिष्टात जी निर्यातबंदी होती, ती येथे नाही. देशोदेशींच्या सीमा ओलांडून ग्रंथ देता-घेता यावेत, हाच या कराराचा गाभा आहे. स्टॉकहोमला जे साधले नाही, त्याचा एक छोटा पण पक्का अंश सेहेचाळीस वर्षांनी साधला.

या साऱ्यात लेखकाचा विसर पडता कामा नये. मराठी लेखक लेखनावर क्वचितच जगू शकतो. त्याचा मोबदला बुडवून मिळालेले स्वस्त पुस्तक हा स्वस्ताईचा आभास होय. सुदैवाने दोन्ही हितांचा मेळ घालणारे मार्ग उपलब्ध आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ सर्वांचे होतात. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यामुळे २०११ च्या आरंभापासून त्यांचे साहित्य कोणालाही छापता, टंकित करता आणि विनामूल्य देता येते. परंतु हक्क मोकळा झाल्याने पुस्तक आपोआप वाचकाच्या हाती येत नाही. जुन्या ग्रंथाच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवली, तर त्यांत शब्द शोधता येत नाही आणि अंध वाचकाचे यंत्र ती वाचू शकत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून, मुद्रिते तपासून ठेवणे, हे हार्टने केले तसले कष्टाचे काम आहे. तसेच करधोरणाचे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा छापील पुस्तक करमुक्त राहिले, पण ई-पुस्तकावर १८ टक्के कर बसला. पुढच्या वर्षी, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता, तो ५ टक्क्यांवर आणण्यात आला. मजकूर तोच; पण तो कागदावर आहे की काचेवर, यावरून त्याला दोन न्याय लावले गेले.

आपल्याकडे जुने लेखनिक पोथी लिहून संपवली की शेवटी वाचणाऱ्याला विनवीत, हिला तेलापासून आणि पाण्यापासून जपा. एका पोथीवरून दुसरी उतरवून देणे हे पुण्यकर्म मानले जाई, आणि त्यामुळेच कित्येक ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचले. यंत्रातील पुस्तकाला तेलापाण्याचे भय नाही. ते जपायचे ते दूरवरून ते पुसून टाकू शकणाऱ्या हातापासून, उद्या न उघडणाऱ्या अक्षरसंकेतापासून आणि दात्याच्या मर्जीपासून. त्यासाठी लागणारे कायदे, प्रमाणे आणि टंकलेखनाचे कष्ट यांतले काही आपल्या पूर्वसूरींनी केले आहेत. उरलेले आपल्या वाट्याला आले आहेत.